नगारखान्याची झोप

एक होता राजा. हैबतराजे त्याचं नाव. मनानं चांगला, पण घाई अशी की ताटात भात पडायच्या आत घास तोंडात. त्याला एकदा वाटलं, आपल्या जुन्या गावाच्या वेशीवर नगारखाना हवा. तीन मजली, पांढराशुभ्र, भिंतीभर पोपट, मोर आणि वेली. आणि वरच्या माडीवर येत्या दसऱ्याला नगारा वाजलाच पाहिजे.

दगडी भिंती उभ्या राहिल्या. मग बोलावणं गेलं भिवराला. भिवरा गवंड्यांच्या घरातली. चुन्याचा गिलावा करावा तर तिनंच. तिनं काढलेल्या पोपटावर गावची मांजरं दबा धरून बसायची, बरं का.

राजा म्हणाला, "भिवराबाई, दसऱ्याला नगारा वाजला तर साडीचोळी देईन. नाही वाजला तर गाव सोडायचं."

भिवराला घर आठवलं. घरी तिची म्हातारी सासू होती, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. नदीचा घाट, देवळाची पायरी, शेजारणीचा उंबरा, सगळं म्हातारीला पायांनी पाठ. परक्या गावात ती बिचारी पाऊल कुठं टाकणार?

मग भिवरानं पदर खोचला. चुना मळला, गिलावा दिला, पोपट काढले. राजा रोज सकाळी यायचा आणि हातातल्या काठीनं भिंतीवर टकटक करायचा. "वाळला का? अजून नाही वाळला?" चौथ्या दिवशी धपकन् सगळा गिलावा खाली आला. भिवरानं एक खपली उचलली, तर खपली चक्क बोलली.

"भिवरामाय, भूक लागली. गूळ दे."

आता भुकेल्याला नाही कसं म्हणायचं? तिनं चुन्यात गूळ घातला, पुन्हा मोर काढले, पुन्हा वेली काढल्या. गावातली पोरं येऊन भिंत चाटून गेली, मुंग्यांनी तर रांगा लावल्या. राजाची टकटक चालूच. आठव्या दिवशी पुन्हा धपकन्. खपली म्हणाली, "गोड झालं माय, पण पोट नाही भरलं. उडदाची डाळ दे."

मग भिवरानं घरातली सगळी डाळ भिजवली, वाटली, चुन्यात कालवली. तिसऱ्यांदा गिलावा चढला. दसरा दोन दिवसांवर आला आणि भिंतीला बारीक बारीक भेगा पडायला लागल्या. भिवराला रडूच फुटलं. तिनं भिंतीला कान लावला. "आता गं काय हवं, बाळा?"

भिंत कुरकुरली. "पोट भरलं. आता झोप येतेय. पण डोळा लागला की तो टकटक करतो."

भिवरा तशीच गेली दरबारात. पदर सावरला आणि बोलली. "महाराज, गिलाव्याला एकवीस दिवसांची झोप लागते. तुम्ही त्याला झोपू देत नाही."

राजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे चूक माझी?" असं म्हणत तो तडक वेशीवर आला आणि त्यानं काठी आपटली. एका पोपटाची चोच टपकन् त्याच्याच तळहातावर पडली. भिंतीतून बारीक मुसमुसणं ऐकू आलं. राजानं चोचीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "अरेरे, पोर जागं केलं मी."

त्यानं काठी टाकून दिली. दसऱ्याचा हट्टही सोडला. भिवरानं चोच जागेवर बसवली, भेगा लिंपल्या. गावानं घरोघरच्या गोधड्या आणल्या, ओल्या केल्या आणि भिंतींना पांघरल्या. भाजीवाल्या कानात सांगून भाजी विकायला लागल्या. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांत कापूस गेला. राजा अनवाणी यायचा, गोधड्यांवर पाणी शिंपायचा आणि हात शिवशिवले की हातांवरच बसून राहायचा.

एकवीस दिवस झाले, दिवाळी आली. गोधड्या निघाल्या. भिंत अशी चकचकीत की राजानं तिच्यात बघून पगडी सारखी केली. पण नगारा अजून वाजायचा होता ना! वर पहिला टोला पडला. भिवरानं डोळे गच्च मिटले. दुसरा टोला पडला. तिसरा पडला, सारी वेस दणाणली. चुन्याचा कणसुद्धा खाली आला नाही. भिवराचा जीव भांड्यात पडला.

तिची सासू नेहमीच्या वाटेनं आली, कुणाचाही हात न धरता. भिंतीवर बोटं फिरवत एकेक पोपट मोजायला लागली. ऊन डोक्यावर आलं तरी म्हातारीचं मोजणं संपेना. राजा बाजूला उभा राहिला आणि त्यानं तिला जरासुद्धा घाई केली नाही.

मग भिवरा सासूसोबत त्याच गावात सुखानं राहिली, राजा सावकाश जेवायला शिकला, आणि नगारखाना पिढ्यान् पिढ्या उभा राहिला. तुम्ही जेवलात ना पोटभर? मग घ्या पांघरूण आणि मिटा डोळे. तुम्हालाही पक्कं व्हायचंय.