गुरुजींची पेटी

एकदा भर वैशाखात एका फळव्यापाऱ्याच्या वखारीवर अन्नसुरक्षा खात्याची धाड पडली. आंब्याच्या पेट्यांत कार्बाइडच्या पुड्या सापडल्या. त्या विषारी भुकटीने रातोरात पिवळा केलेला माल जप्त झाला; तो नष्ट करण्यासाठी गाडी यायची होती. "माल बाहेरून येतो, मी तसाच विकतो. आत काय घातलंय ते मला काय ठाऊक?" व्यापारी अधिकाऱ्याला पुन्हापुन्हा सांगत होता. परवाना जाईल या धास्तीने त्याला एका जागी उभे राहवेना. शेवटी तो तडक आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेला.

"गुरुजी, तो अधिकारीही तुमच्याच हाताखाली शिकलाय. एक शब्द टाका. मला माहीत नव्हतं, त्याची एवढी शिक्षा?"

गुरुजींनी पाणी पुढे केले. त्याने पेला उचलला, न पिताच ठेवला आणि येरझाऱ्या घालू लागला.

दर हंगामातली पहिली पेटी गुरूच्या घरी पोचवायची, ही व्यापाऱ्याची रीत. परवाच आलेली ती पेटी गुरुजींनी खांद्यावर घेतली आणि वखारीची वाट धरली. व्यापारी गोंधळून मागोमाग निघाला.

"काय शेठ, गुरुजींनाच हमाल केलंत?" दारातला हमाल हसला.

गुरुजींनी पेटी अधिकाऱ्यासमोर ठेवली. "हीसुद्धा याच्याकडचीच. गाडीत टाक."

"अहो, नको!" व्यापारी कळवळला. "यात तसलं काही नाही! तुमची पेटी मी वेगळी काढतो, घरी गवताच्या आढीत पिकवतो. स्वतः!"

बोलून गेल्यावर त्याला आपलेच शब्द ऐकू आले. अधिकाऱ्याने मान वर केली. हमालाचे हसू विरले.

गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "अरे, मला देताना तुला सगळं ठाऊक असतं. माणूस फळ नेतो ते बहुधा आजाऱ्यासाठी, नाहीतर लेकरासाठी. माझी बायको गेली तेव्हा तिचा शेवटचा घास आंब्याची फोड होती. कुठून आणलाय, हे भरवताना माझ्या मनातही आलं नाही. माझ्यासाठी तू जी काळजी घेतोस, तीच आज कायद्याने अनोळखी माणसांसाठी घेतली. एवढंच झालंय."

व्यापारी अधिकाऱ्याजवळ जाऊन म्हणाला, "साहेब, गाडीसाठी थांबू नका. सकाळी याच मालाची एक हातगाडी भरून गेलीय. दवाखान्याच्या फाटकाशी उभी असते."

आणि उत्तराची वाट न पाहता तो उन्हातून त्या दिशेने धावत सुटला.