सटवाजी सुताराचा एकपायी बाक

विषय : मौजे उंबरतर येथील होडीच्या धक्क्यावरील, एकाच पायावर उभ्या असलेल्या बाकाबाबत.

वरील विषयी हकीकत अशी की, फार वर्षांपूर्वी, म्हणजे दप्तरात नोंद सापडत नाही इतक्या पूर्वी, या गावात सटवाजी नावाचा सुतार राहत होता. तेव्हा वरच्या आणि खालच्या आळीचं अकरा वर्षं बोलणं बंद होतं. कारण, जत्रेत पालखी आधी कोणत्या आळीत वळावी. देवाची काही तक्रार नव्हती. सटवाजी वरच्या आळीतला, आणि लेक सगुणा खालच्या आळीत दिलेली. सत्तर पावलांवर लेक, पण अकरा वर्षांत तिचा आवाज त्याच्या कानी पडला नव्हता.

दोन्ही आळ्या एकत्र येत त्या फक्त धक्क्यावर, होडीची वाट बघत, एकमेकींकडे पाठ करून. सटवाजीनं तिथं एक लांब फळी आणली आणि मधोमध एका दगडावर टेकवली. कुणी एकटा बसला की त्याचं टोक जमिनीला लागे. समोरच्या टोकाला कुणी बसलं तरच दोघं नीट बसत. पाय दुखले तशी माणसं मुकाट्यानं बसू लागली, एका टोकाला वरची आळी, दुसऱ्या टोकाला खालची. वरच्या आळीच्या बाबाजी पाटलांना तोलायला खालच्या आळीचे तिघे लागत, असं म्हणतात.

एके दिवशी खालच्या आळीचा किडकिडीत राघू तेली एका टोकाला एकटाच बसला होता. पाटील न विचारता दुसऱ्या टोकावर धपकन बसले. राघू उडाला तो थेट नदीपलीकडं, होडीच्याही आधी पोचला, असं म्हणतात.

"पाटील, बसताना सांगायचं तरी!" तो तिकडून ओरडला.

पाटलांच्या तोंडून निघून गेलं, "लागलं का रे?"

"नाही! पण टोपी तिकडंच राहिली!"

दोन्ही आळ्या हसल्या, आणि हसून झाल्यावर अबोला पुन्हा कसा धरायचा ते कुणाला आठवेना.

त्याच दुपारी सटवाजी फळीवर बसला असता समोर सगुणा आली.

"आबा, बसू का?"

"बस बाई. पण हळू. मला पलीकडं काही काम नाही."

त्या दिवशी तीन होड्या सुटल्या, दोघं उठली नाहीत, असं म्हणतात.

उंबरतरमध्ये आजही सोयरीक जुळवताना दोन्ही व्याही आधी त्या फळीवर समोरासमोर बसतात. तोल सापडेपर्यंत सुपारी फुटत नाही.

फळी आता कुजत आली आहे. नव्या फळीसाठी ग्रामपंचायतीनं अर्ज केला. बाकाला चार पाय असावेत, अशी वरिष्ठ कार्यालयाची हरकत आली. चार पायांच्या बाकावर माणूस एकटाही बसू शकतो, सबब तो चालणार नाही, असं गावानं कळवलं आहे. अर्ज प्रलंबित आहे.