राजाने पानगळ बांधली

एका राज्यात ऊन कधी पोळत नसे आणि थंडी कधी जीव घेत नसे. चार ऋतू सख्ख्या बहिणींसारखे नांदत. पाळी आली की यायचं, सरली की निमूट निघायचं. वसंतात अक्रोडाला तुरे लोंबत, उन्हाळ्यात कुरणात गुडघाभर गवत डोले, शरदात चिनार विस्तवासारखा लाल होई, आणि हिवाळ्यात सगळं रान पांढऱ्या पांघरुणाखाली निजून जाई. अस्वल गुहेत, खार ढोलीत, बी मातीत.

राज्यातली माणसं गळलेली पानं झाडाच्या पायाशी ओढून ठेवत. ‘झाडाचं अंथरूण’ म्हणत त्याला. राजवाड्यात मात्र रीत उलटी. राजाच्या नजरेस सुकलं पान पडू नये म्हणून नोकर उजाडायच्या आत सगळं झाडून लांब टाकून येत. अशा लख्ख अंगणात राजा हेमकेतू वाढला. त्याला वाढवलं त्याच्या थोरल्या बहिणीने, गिरजावतीने. बाईची जीभ कुऱ्हाडीसारखी होती आणि धार कधी बोथट झाली नाही.

राजाची राणी निवर्तली होती. मागे एकच लेक, शेवंती. एका शरदात ती खिडकीशी उभी राहून ओक्साबोक्शी रडू लागली.

“बाबा, आपला चिनार मरतोय! पानं सोडतोय!”

मरण हा शब्द राजाला सोसत नव्हता. त्याने मांत्रिक दंडकभटाला बोलावलं.

“एकही पान गळता कामा नये.”

“गळणार नाही. पण राजा, पान एकटं जात नसतं. त्याच्या मागोमाग बरंच काही जातं.”

“सांगितलं तेवढं कर.”

दंडकभटाने पानगळीचा वारा कातड्याच्या पिशवीत कोंडला, तोंडाला तीन गाठी मारल्या आणि पिशवी घेऊन तो उत्तरेच्या देवदारवनात निघून गेला.

पान गळलं नाही. राजा खूश. पुढे बर्फ पडला आणि हिरव्या पानांवर साचला. भाराने फांद्या काडकाड मोडू लागल्या. रानहंस दक्षिणेला जायचे ते तळ्यावरच कुडकुडत बसले. अस्वलाला झोप येईना. ते भर बाजारात शिरलं आणि हलवायाची परात चाटूनपुसून गेलं.

आणि शेवंतीचा डोळा लागेना. अंगाई झाली, गरम दूध झालं, दृष्ट काढून झाली. त्या राज्यात झोप पानगळीच्या वाऱ्यावर बसूनच येत असे, हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. पोर काडीसारखी झाली.

गिरजावती दरबारात शिरली. “लेकरू वाळत चाललंय आणि तू पानं बघत बसलायस?”

“आक्का, मी तिला शब्द दिलाय.”

“मग गिळ तो शब्द! लाडू गिळताना बरा घसा उघडतो तुझा!”

गिरजावतीने पदर खोचला आणि तळं गाठलं. तिथली म्हातारी रानहंसी म्हणाली, “आत्याबाई, माझ्या पाठीवर बसा. उत्तरेची वाट मला ठाऊक आहे.”

“पेलवेन का गं मी तुला?”

“तुम्ही बोलला नाहीत तर पेलवाल.”

गिरजावती जन्मात पहिल्यांदा वाटभर गप्प बसली.

देवदारवनात दंडकभट धुनीपुढे बसला होता. “बाई, मी राजाच्या हुकमाचा ताबेदार. पिशवी ने. पहिली गाठ जाग्या अस्वलाच्या जांभईने सुटेल. दुसरी सशाच्या पांढऱ्या केसाने. तिसरी, ज्याने बांधायला सांगितलं त्याने आपल्या हाताने तोडलेल्या पानाने.”

“आधी नाही सांगितलंस!”

“आधी कुणी विचारलं नाही.”

अस्वल गुहेच्या दाराशी गुरगुरत उभं होतं. “जवळ येऊ नकोस, फाडीन!”

“फाड. आणि मग निजणार कुठे? या उघड्या दगडावर?” तिने आत डोकावून पाहिलं. गुहा ओकीबोकी. पानं गळलीच नाहीत तर बिचाऱ्याने अंथरावं काय! तिने खांद्यावरची जाड वाकळ काढली, गुहेत पसरली, चारी कोपरे नीट केले. “चल, आडवा हो. नखं बाहेर काढायची नाहीत.”

अस्वल मुकाट्याने आडवं झालं आणि त्याने एवढी मोठी जांभई दिली की गुहेतली वटवाघळं हलली. पहिली गाठ सुटली.

पुढे बर्फावर एक ससा सापडला, मातकट रंगाचा, थरथरत. “पांढरा केस कुठून देऊ? वारा आल्याशिवाय आमचा कोट बदलत नाही. ही घार बघ, वर घिरट्या घालतेय. पांढऱ्यावर मी काळ्या तिळासारखा दिसतो.”

गिरजावतीने आपल्या डोक्यातला एक पिकलेला केस उपटला आणि सशाच्या कानावर ठेवला. “घे. माझ्याकडे पुष्कळ आहेत. निम्मे माझ्या भावाने दिलेत.”

ससा कानापासून शेपटीपर्यंत पांढरा होत गेला. त्याने एक केस दिला आणि बर्फात दिसेनासा झाला. दुसरी गाठ सुटली.

तिसरी राजवाड्यातच सुटणार होती. गिरजावतीने राजाला चिनाराखाली उभं केलं. त्याच्या कडेवर शेवंती, डोळे टक्क उघडे.

“तोड.”

“आक्का, ही बघतेय.”

“बघू दे. डोळे तिला त्यासाठीच दिलेत.”

त्याने पान धरलं, मान फिरवली आणि ओढलं. पान टोपण निघावं तसं अलगद निघालं.

“बाबा, हे काय आहे?” शेवंती ओरडली.

राजाने पाहिलं. देठाचं टोक पोकळ होतं, टोपीसारखं. आणि त्या टोपीखाली, फांदीवर, एक इवलासा कोंब घट्ट मिटून बसला होता. गिरजावतीही वाकली. एवढी वर्षं या झाडाखालून ये-जा केली, पण देठाखाली बघावं असं तिलाही कधी सुचलं नव्हतं.

“वसंतातलं पान आहे गं ते,” ती हळू म्हणाली. “आत्ताच तयार आहे.”

“मग जुनं पान त्याला झाकून बसलं होतं?”

“हो. आता जुन्याला जाऊ द्यायचं.”

शेवंतीने विचार केला. मग बापाच्या गालावर हात ठेवून म्हणाली, “सगळी सोडा बाबा. झाड मरत नाहीये.”

राजाने पान गाठीला लावलं. वारा सुटला! चिनार लाल झाला, भूर्ज पिवळे झाले, आणि साऱ्या राज्यातली पानं एकदम खाली आली. रानहंस ओरडत दक्षिणेला उडाले. खारी ढोलीत शिरल्या. वाकलेल्या फांद्यांनी हलकं होऊन सुस्कारा टाकला. शेवंतीने बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ती घोरू लागली, मोठ्या माणसासारखी.

राजा पोर कडेवर घेऊन तसाच उभा राहिला. नोकर झाडू घेऊन धावत आले.

“थांबा,” राजा हलक्या आवाजात म्हणाला. “पानं लांब न्यायची नाहीत. पायाशी ओढा झाडाच्या.”

“आणि आवाज न करता!” गिरजावती दबक्या आवाजात खेकसली.

तिथली झाडं वेळेवर उघडी झाली, वेळेवर पालवली. तुमच्या घरची लेकरं वेळेवर निजोत.