बाईंनी खाल्लेलं रताळं

“मग काय सांगू त्यांना? मेलेय म्हणून?”

मेंग बाईंनी चुलीतलं लाकूड असं काही ओढलं की ठिणग्या थेट फांग य्वेनच्या भारी बुटांवर.

“काहीच सांगू नका! गप्प बसा ना, बाई. दोन दिवस. फक्त दोन दिवस!”

“नव्वदीला टेकले. गप्प बसायला आता शिकू होय?”

फांगने कपाळावर हात मारला. सत्तरीचा माणूस. बावीस भाषांत गेलेली कादंबरी, तिच्यावर सिनेमा, राजधानीत घर. आणि ह्वाई नदीकाठच्या या धुरकट स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की पुन्हा आठ वर्षांचा दगड्या. पोर जगावं म्हणून आईने ठेवलेलं ते नाव आता जगात एकच बाई घेत होती.

भांडण होतं थडग्याचं.

त्याच्या कादंबरीत दुष्काळाच्या वर्षी गावची मास्तरीण हातातलं शेवटचं रताळं विद्यार्थ्याला देते आणि उपाशी मरते. अख्खा देश रडला होता. मग गावच्या कमिटीने वेशीवर मास्तरणीचं थडगंच बांधलं. बस भरभरून लोक येत, उदबत्त्या लावत, संत्री ठेवत. आणि मेंग बाई बाजारातून येता येता तिथे थांबून सांगत, “आत कोणी नाहीये. मी इथे आहे. आणि ते रताळं मीच खाल्लं.”

उद्या मोठ्या पुरस्काराचे परीक्षक थडगं पाहायला येणार होते. पुस्तकाच्या पाठीवर ‘सत्यघटना’ असं ठसठशीत छापलेलं. बाई दिसल्या की बोभाटा.

“भाचीकडे जा. गाडी आणलीय मी.”

“आणि कोंबड्या कोण बघणार? परीक्षक?”

“बाई, लोक त्या पानावर रडतात!”

“कांदा चिरला तरी रडतात.”

“अहो, मी तुम्हाला देवी केलं...”

“कोणी सांगितलं होतं तुला?” बाई फणकारल्या. “खाल्लं म्हणून दुसऱ्या दिवशी फळ्यापुढे उभी राहिले. ‘भात’ हा शब्द लिहायला तुला कोणी शिकवलं रे? त्या थडग्यानं?”

फांगने बुटावरची राख झटकली.

“पुढचं पुस्तक कुठंय?”

...

“विचारतेय मी.”

“नऊ वर्षं झाली,” तो पुटपुटला. “रोज बसतो. जे लिहितो ते गोडमिट्ट होतं. फाडून टाकतो.”

“हं.”

बाईंनी चिमटा घेतला. राख उकरली. भाजलेलं एक रताळं बाहेर काढलं.

फांगला एकदम भरून आलं. इतक्या वर्षांनी... त्याने दोन्ही हात पुढे केले, शिष्याने करावेत तसे.

बाईंनी रताळं सोललं. फुंकर घातली. मग त्याच्याकडे पाठ केली आणि सगळं स्वतःच खाल्लं. सावकाश. बोटं चाटून.

वळल्या, तेव्हा त्याच्या ओंजळीत साल टाकलं. काळं, राखेनं माखलेलं.

दुष्काळाच्या त्या वर्षीही हेच. पाठ अशीच. साल असंच, आणि तेवढंच.

त्याचा चेहरा लालबुंद झाला. साठ वर्षं गिळून ठेवलेलं काहीतरी घशाशी आलं. ओठ हलले... पण मोठा माणूस झाला होता तो. शब्द दातांतच राहिला.

बाईंनी मळक्या बाहीनेच तोंड पुसलं.

“त्या दिवशी साल हातात धरून तू मला जी शिवी घातली होतीस ना, दगड्या, तिथून सुरू कर.”