रायाजीचं हिरवं अंगण

पुष्कळ वर्षांमागची गोष्ट. इतकी जुनी, की ते गाव कोणत्या राजाच्या मुलखात होतं हेही आता कोणाला आठवत नाही. नदीकाठच्या त्या गावात रायाजी आणि त्याची लेक म्हाळू अशी दोघंच राहायची. म्हाळूची आई ती रांगत असतानाच गेली होती.

गावातली इतर अंगणं शेणाने सारवलेली असायची. रायाजीच्या अंगणात मात्र मऊ, हिरवं गवत होतं. लेक पहिली पावलं टाकताना पडली तर लागू नये म्हणून त्याने ते राखलं, आणि ती पळायला लागली तरी राखतच राहिला.

श्रावणात गवत पाहता पाहता वाढायचं. पाऊस उघडला की रायाजी विळा घेऊन उकिडवा बसायचा आणि कडेकडेने कापत यायचा. म्हाळू कापलेलं गवत पाटीत भरून शेजारच्या गाईला घालायची. थंडीत गवताची वाढ मंदावायची. दव सुकेपर्यंत बापलेक उन्हाला बसायचे, मग नुसते शेंडे छाटायचे. चैत्रात तो विळा लावायचाच नाही. मुळांना सावली हवी, असं म्हणायचा आणि सांजेला पाणी शिंपडायचा. गारवा पसरला की शेजारीपाजारी गप्पांना जमायचे.

पुढे म्हाळू लग्न होऊन नदीपलीकडे दूर गेली. सुरुवातीला दर दिवाळीला यायची. मग तिकडे दुष्काळ पडला, सासरची माणसं गुरं घेऊन आणखी लांब गेली, आणि तिची खबर येईनाशी झाली.

रायाजी रोज दारात बसून वाट पाहू लागला. अंगणात उतरलं की लेक आठवायची आणि हात चालायचा नाही. शेवटी त्याने विळा वळचणीला खोचून ठेवला. शेजारीण म्हणाली, आम्ही कापून देतो. त्याने मान हलवली.

"जिच्यासाठी राखलं तीच नाही, तर वाढू दे."

गवत गुडघ्याला लागलं, मग कमरेला. पायवाट बुजली, फाटक वेलींत हरवलं. साप-किरडाच्या भीतीने लोक यायचे थांबले. रायाजी मागच्या दाराने ये-जा करू लागला. पुढच्या दारातून आता गवताशिवाय काही दिसत नव्हतं, तरी तो तिथेच बसून वाट पाहत होता.

भाद्रपदात एका सकाळी गावात नवखा नावाडी आला आणि पारावर सांगू लागला. काल तिन्हीसांजेला भर पावसात एक बाई कडेवर मूल घेऊन उतरली आणि थोड्या वेळातच माघारी फिरली. हिरव्या अंगणाचं घर शोधत आली होती. हाक मारली तर आतून ओ आली नाही. होडीत सारा वेळ रडत होती. म्हणत होती, "आबा असते तर अंगण असं झालं नसतं."

पावसाच्या आवाजात ती हाक रायाजीला ऐकूच गेली नव्हती. नावाड्याचं बोलणं कानी पडताच तो तसाच अनवाणी नदीकडे धावला. पलीकडच्या धर्मशाळेत पोचला तेव्हा चूल अजून कोमट होती, पण तिच्या माणसांच्या बैलगाड्या पहाटेच गेल्या होत्या. कोणत्या दिशेला, ते कोणालाच सांगता येईना.

घरी येऊन त्याने विळ्याला धार लावली. फाटक मोकळं केलं, पायवाट काढली, आणि मग थांबला नाही. पावसाळ्यात कापलं, थंडीत शेंडे छाटले, उन्हाळ्यात पाणी शिंपडलं. घाटावरच्या प्रत्येक वाटसरूला तो एकच निरोप द्यायचा: आबा आहे, अंगण आहे, ये.

कितीतरी दिवाळ्या गेल्या. मग एका कार्तिकात म्हाळू लेकीला घेऊन फाटकाशी उभी राहिली. तिच्या केसांत पांढरी बट होती.

"आबा, मी तुमचं सुतक धरलं होतं," ती म्हणाली.

रायाजीने नातीला उचलायला हात पुढे केले, पण ती आता आईच्या खांद्याला लागत होती. ती वाकून त्याच्या पाया पडली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तिघं दव सुकलेल्या गवतावर बसली.

म्हणून सांगतात, ज्याला कोणाची वाट पाहायची आहे, त्याने आधी वाट मोकळी ठेवावी.