सगळ्यांना विचारून केलेला गूळ

एका गावात एक भोळा घरजावई होता. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून या गोष्टीवरून चिडतात. जावयाचं नाव येसबा. सासऱ्याच्या म्हशी राखायच्या आणि सांगितलेलं ऐकायचं, एवढंच त्याचं काम. दोन्ही तो मन लावून करायचा. ऐकायचं जरा जास्तच.

सासरे दाजिबा यांचं गावाबाहेर गुऱ्हाळ होतं. ऐन हंगामाच्या तोंडावर त्यांचा पाय मोडला आणि ते खाटेला खिळले. त्या गावाची रीत अशी, की हंगामातली पहिली ढेप गावदेवीपुढे ठेवायची, मग घरोघर वाटायची आणि त्याच गुळाच्या पुरणपोळ्या करायच्या. तोवर नव्या गुळाचा खडा कुणी तोंडात टाकायचा नाही. दाजिबांनी जावयाला बोलावलं.

"जावईबापू, मुकादम आता तुम्ही. पहिली ढेप नीट झाली तर गुऱ्हाळ तुमच्या हाती. न्हाई झाली तर परत म्हशी."

येसबाची बायको हौसा दारात उभी होती. म्हशीवाल्याची बायको म्हणवून घ्यायचा तिला कंटाळा आला होता. तिनं तिथूनच देवीला हात जोडले.

"पण मामा, मुकादमानं करायचं काय?" येसबानं विचारलं.

"सगळ्यांच्या म्होरं ऱ्हायचं. मुकादम म्होरं, तर माणसं मागं."

सोपं होतं. येसबा उसाच्या गाड्यांपुढे चालू लागला. गाडीवानांना म्हणाला, "माझ्या मागनं या." ते आले. गुऱ्हाळाजवळ येईतो येसबाला भूक लागली. तो घराकडे वळला. गाड्याही वळल्या. तो जेवून उठला तेव्हा अंगणात उसाचा ढीग पडला होता आणि दाजिबांच्या खोलीचं दार उघडत नव्हतं.

"अवो, म्होरं पळून काय व्हतंय?" ऊस पुन्हा गाड्यांत भरता भरता हौसा म्हणाली. "मागं ऱ्हावा. जो राबतोय त्याच्या पाठीवर थाप मारा. थाप पडली की माणूस दुप्पट राबतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊस पिळायचा चरक सुरू झाला. सगळ्यात जास्त राबत होता तो चरकाला जुंपलेला बैल. येसबा मागे गेला आणि त्याच्या पाठीवर सणसणीत थाप मारली. हौसाचं म्हणणं खरं निघालं. बैल दुप्पट वेगानं पळाला, चरकाचा लांब दांडा गरकन फिरून आला आणि रसाची घागर घेऊन निघालेला महिपती घागरीसकट चिखलात बसला.

येसबा धावत दाजिबांकडे गेला.

"अवो बापू, चालत्या कामात हात घालू न्हाई," दाजिबा म्हणाले. "ज्याचं काम त्याला करू द्यावं. आपण लांब बसून नुस्ती नजर ठेवायची."

येसबा परत येऊन लांब बसला. नजर ठेवली. तेवढ्यात चंद्री म्हैस दावं तोडून आली आणि तिनं रसाच्या हौदात तोंड घातलं. येसबानं तिला ओळखलं. ती अगदी मन लावून पीत होती. चालत्या कामात हात घालू नये म्हणून तो गप्प राहिला. हौसा भाकरी घेऊन आली तेव्हा निम्मा हौद रिकामा झाला होता.

"बघत काय बसलाय!" हौसा ओरडली. "मालाची नासाडी दिसली की काठी उगारायची! हाकलून द्यायचं!"

उरलेला रस काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या कढईत, चढला. भैरूनं खाली जाळ घातला. रसावर काळपट मळी आली आणि नानू गुळव्या ती झाऱ्यानं काढून बाहेर फेकू लागला. मळी काढल्याशिवाय गूळ चांगला होत नाही, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. येसबाला एवढंच दिसलं, की नानू काहिलीतला माल बाहेर टाकतोय. त्यानं काठी उगारली आणि नानूला हाकलून दिलं.

नानू थेट दाजिबांच्या खाटेशी जाऊन उभा राहिला. दाजिबांनी कपाळाला हात लावला. कशीबशी समजूत काढून त्याला परत पाठवलं आणि मागोमाग आलेल्या जावयाला म्हणाले, "बापू, असं मनाला आलं तसं करू न्हाई. मुकादमानं सगळ्यांना इचारावं. सगळ्यांचं एकमत झालं की मगच हात घालावा."

येसबाला हे फार आवडलं. याआधी त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

दिवस कलला. देवळापुढे हलगी वाजू लागली. घरोघर डाळ शिजली होती. नानूनं पाकाचा थेंब पाण्यात टाकला. त्याची गोळी झाली.

"आला पाक! बिगीनं उतरवा काहील!"

माणसांनी काहिलीच्या कड्यांत दांडे घातले.

"थांबा," येसबा म्हणाला. "सगळ्यांना इचारू."

नानूला मघाची काठी आठवली आणि तो हाताची घडी घालून उभा राहिला.

येसबानं महिपतीला विचारलं. "उतरवा की!" भैरूला विचारलं. "उतरवा मुकादम, करपतंय!" पण सगळे म्हणजे सगळे. "मी आल्याबिगर कुणी हात लावायचा न्हाई," असं बजावून येसबा गावात गेला. हौसानं प्रश्न संपायच्या आत हो म्हटलं. दाजिबा तर खाटेवर उठून बसले आणि ओरडले, "अवो, उतरवाऽ!" आता एकच मत राहिलं होतं. ढेप जिची, तिचं.

येसबा देवळात गेला. "देवीला इचार," तो गुरवाला म्हणाला, "काहील उतरवू का?"

गुरवानं कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांना फुलं चिकटवली. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. फुलं ताजी होती, घट्ट बसली. येसबा हात जोडून बसला. बाहेरून खमंग वास आला. मग करपल्याचा वास आला. मग धूर आला. देवीनं घाई केली नाही.

शेवटी उजवं फूल पडलं. येसबा धावत सुटला. "देवीबी हो म्हनली! उतरवा!"

उतरवायला काही उरलं नव्हतं. काहिलीच्या बुडाशी काळा दगड बसला होता आणि तो पहारीनंही निघेना. सणाच्या दिवशी त्या गावानं डाळ मीठ घालून खाल्ली. हौसा चुलीपुढे बसून रडली. दाजिबा म्हणाले, "बापू, परत म्हशी."

"बरं मामा," येसबा म्हणाला आणि गोठ्यात गेला.

खूप वेळ झाला तरी तो येईना म्हणून हौसानं डोकावलं. येसबा म्हशींपुढे उकिडवा बसला होता.

"आता हितं काय करताय?"

"एकमत करतोय," येसबा म्हणाला. "मी म्हशींकडं यायचं, हे मामांना पटलंय. मलाबी पटलंय. ह्या बाकीच्या म्हशींनीबी मान डोलावली. एकटी चंद्री काय ऐकंना."

"ती काय म्हनती?"

"ती म्हनती, तू मुकादमच ऱ्हा."