बारा हातांचा दोर

ख्रिस्ती साधू शांतवनमहाराज चांदगव्हाणच्या मंडळीत उतरले होते, तेव्हाची ही गोष्ट. वेशीबाहेर दोर वळून पोट भरणाऱ्या सगुणाबाईचा त्या रविवारी बाप्तिस्मा व्हायचा होता. देवळाच्या घंटेसाठी स्वतः वळलेला दोर तिने भीतभीत पुढे केला.

मंडळीचे पंच होते गमाजीराव. येशूचे नाव घेऊन वीस वर्षे झाली, पण सुंभ जळाला तरी पीळ काही गेला नव्हता! दोराला हात न लावता त्यांनी तो काठीने मोजला आणि हसले. "बाराच हात! ना घंटेला पुरंल, ना इहिरीला. अन् महाराज, बाप्तिस्म्याचं पानी मीच काढनार. हिचा हात इहिरीला लागला, तर उद्या आमी प्यायचं काय?"

सगुणाबाईचा जीव एवढासा झाला. प्रभूच्या दारातूनही माघारीच जायचे का? महाराज म्हणाले, "थांब माय. दार त्याचं आहे, गमाजीचं नाही."

गमाजीराव तरातरा विहिरीवर गेले. मागून आलेल्या सगुणाबाईची सावली बादलीवर पडू नये म्हणून काठावर तिरके उभे राहिले. जुना दोर तटकन तुटला आणि पंच बादलीसकट आत! पाणी काठापासून पंचवीस हात खाली, पायरी एकही नाही. दुसरा दोर आणायला माणसे धावली, तोवर ते दोनदा बुडाले.

"टाक तुझा दोर," महाराज म्हणाले.

"ह्यो पुरंल कसा, महाराज?"

"येशूचं नाव घे आणि टाक."

तिने टाकला. आणि काय सांगावे! खालून ओढ बसली. तिला कधी न शिवलेल्या माणसांनी तिच्या हाताला हात लावून पंचांना वर ओढले.

गमाजीरावांनी आपल्या हातांनी दोर मोजला. बारा हात. पुन्हा मोजला. बाराच! विहिरीत सोडला, तर पाण्याच्या तेरा हात वर लोंबत राहिला.

पंचांनी महाराजांचे पाय धरले. महाराज म्हणाले, "माझे नव्हेत."

तेव्हा गमाजीराव सगुणाबाईपुढे वाकले. ती घाबरून मागे सरली. बाप्तिस्म्याला पाणी तर अजून नव्हतेच. पंचांनी डोक्यावरचा ओलाचिंब फेटा सोडला, वाडग्यात पिळला आणि खाली मान घालून विचारले, "बाई, माझ्या हातचं पानी चालंल का?"

सगुणाबाई म्हणाली, "चालंल, दादा."

महाराजांनी त्याच पाण्याने तिला बाप्तिस्मा दिला.